मुंबईत आपल्या एरियात चांगला फिश टाको कसा शोधायचा

मुंबईत राहून वाईट मासा खायची वेळ कोणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि फिश टाकोच्या, म्हणजे छोट्या दुमडलेल्या रोटीत मासा भरलेल्या मेक्सिकन पदार्थाच्या, बाबतीत ती वेळ फार वेळा येते. वेसावे, खारदांडा, माहीम, वरळी, कुलाबा, शहराच्या काठाकाठाने कोळीवाडे आहेत, ससून डॉकला पहाटे लिलाव चालतो (गोदी १८७५ सालची), आणि आपण काय करतो तर त्याच शहरात एसीत बसून फ्रोजन बासाचा (हॉटेलांतला स्वस्त पाळलेला मासा) पाणचट तुकडा जाड मैद्याच्या रोटीत गुंडाळून खातो, वर गोड मेयो, आणि त्याचे चांगले पैसे मोजतो.

टाको मेक्सिकन असला तरी अर्धं काम आपल्याला आधीच येतं कारण मासा आपल्याला कळतो. बाजारात कल्ला उचलून बघणारी माणसं आपण, मेन्यूकार्ड हातात आलं की मात्र गप्प बसतो आणि "फिश टाको" एवढंच लिहिलेलं ऑर्डर करून टाकतो. तर इथे मुद्दा एकच आहे, टाको शोधायचा तर मासा विचारायचा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. मी कुठल्याही हॉटेलचं नाव देत नाहीये कारण मुंबईत शेफ बदलतात, जागा बंद होतात, आणि विरारच्या माणसाला कुलाब्याचं नाव देऊन काही उपयोग नाही. पद्धत सांगतो, ती ठाण्यापासून वाशीपर्यंत कुठेही चालेल.

आधी हे माहीत पाहिजे की चांगला म्हणजे कसा

फिश टाकोचं घर म्हणजे मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया, तो लांबुडका द्वीपकल्प. पॅसिफिकच्या बाजूचं एन्सेनाडा आणि आतल्या आखातावरचं सान फेलिपे ही दोन्ही गावं म्हणतात टाको आमचाच. तिथून तो सीमा ओलांडून अमेरिकेत गेला, सॅन डिएगोला राल्फ रुबिओने १९८३ मध्ये फिश टाकोचं छोटं दुकान टाकलं आणि तिकडे तो घराघरात पोचला. आपल्याकडे जो येतो तो बहुतेक अमेरिकेतून फिरून आलेला.

बाहाच्या टाकोत असतं काय तर तळहाताएवढी मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ रोटी, त्यात बॅटरमध्ये बुडवून तळलेला पांढऱ्या मांसाचा मासा, वर बारीक चिरलेला कच्चा कोबी, पांढरा आंबटसर सॉस, कांदा टोमॅटो मिरची कोथिंबिरीचा कच्चा साल्सा, आणि लिंबू. बस. त्यात चीज नाही, राजमा नाही, भात नाही, स्वीटकॉर्न तर नाहीच नाही. तिथल्या गाड्यांवर पूर्वीपासून छोट्या शार्कचं मांसही वापरतात, म्हणजे मालवणी घरात जिचं मसाल्याचं कालवण होतं त्या मोरीचेच भाऊबंद, त्यामुळे हे काही फार नाजूक फाइव्ह स्टार खाणं आहे असं समजू नका, हे बंदरावर उभ्याने खायचं खाणं आहे.

टॉर्टियाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथेच होते. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, मग साल सुटते, ते धुऊन दळतात आणि त्या ओल्या पिठाची टॉर्टिया थापतात. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपण पानाला लावतो तोच. त्या चुन्याने पीठ एकमेकाला धरतं, टॉर्टिया मऊ राहते आणि दुमडली तरी मोडत नाही, आणि भाजल्यावर एक खास वास येतो जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. आपल्या किराणा दुकानातल्या साध्या मक्याच्या पिठाची रोटी केली तर ती दुमडताना तडकते, म्हणून बरीच हॉटेलं सरळ मैद्याकडे वळतात. मैद्याची टॉर्टिया म्हणजे गुन्हा नाही हां, उत्तर मेक्सिकोत गव्हाची टॉर्टिया भरपूर खातात, पण ती पातळ पाहिजे आणि तव्यावरून आत्ता उतरलेली पाहिजे. पाकिटातून काढून तशीच गार वाढली असेल तर त्या किचनला टाकोची पर्वा नाही असं समजा. आणि तो कडक यू आकाराचा कुरकुरीत शेल, तो माशाला अजिबात नको, पहिल्या घासाला मधोमध फुटतो आणि मासा ताटात.

पहिलं काम, तारीख आणि वार बघा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून. या दोन महिन्यांत ताजा समुद्री मासा मिळतो तो लहान बिगरयांत्रिक होड्यांचा नाहीतर खाडीचा, थोडा आणि महाग, बाकी सगळं बर्फातलं, कोल्ड स्टोरेजचं किंवा बाहेरून आलेलं. जूनमध्ये कोणी "एकदम फ्रेश रावस" म्हणालं तर कुठून आला हे नक्की विचारा. नवीन जागा ट्राय करायला ऑगस्ट उलटल्यावरचा काळ बरा, नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, बोटी जोरात सुटतात, आणि श्रावण पाळणारे गणपतीनंतर परत खायला लागले की बाजारात मालाची उलाढाल वाढते. थंडीचे महिने तर मस्तच.

वाराचं गणित तर मुंबईत प्रत्येकाला माहीतच आहे पण हॉटेलला जाताना कोणी लावत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मासा नाही, मग बाजार थंड, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार कोळणींपुढे गर्दी. हॉटेलांची खरेदीही या उठावाच्या आसपासच फिरते, निदान एरियातल्या मध्यम हॉटेलांची. म्हणून पहिली भेट बुधवारी किंवा शुक्रवारी ठेवा, शक्यतो संध्याकाळी साडेसातच्या आत, तेल नवीन असतं आणि किचनवर लोड नसतो. शनिवारी रात्री दहाला जाऊन कुठल्याही जागेबद्दल मत बनवू नका, चांगल्यातलं चांगलं किचनसुद्धा त्या वेळी घाईत असतं.

मग एरियाची यादी काढा

मॅपवर "मेक्सिकन" टाकून थांबू नका. मुंबईत फिश टाको चार प्रकारच्या ठिकाणी मिळतो. एक म्हणजे मेक्सिकन किंवा टेक्स मेक्स (अमेरिकन वळणाचं मेक्सिकन) रेस्टॉरंट, तिथे टॉर्टिया बरी असते पण जोर चिकन आणि पनीरवर असतो कारण खपतं तेच. दुसरं म्हणजे बार आणि ब्रुअरी, लोअर परळ, अंधेरी, पवई या बाजूला, बियरबरोबर छोट्या प्लेट्स, आणि माझं मत विचाराल तर इथे सरप्राइज मिळायची शक्यता जास्त, कारण त्यांचा फ्रायर सतत चालू असतो आणि बियर बॅटरला बियर हाताशी असते. तिसरं, वांद्रे खार कुलाबा काळा घोडा छापाचे कॅफे जिथे मेन्यू लहान असतो आणि शेफ स्वतः किचनमध्ये उभा असतो. चौथं म्हणजे क्लाऊड किचन आणि घरून ऑर्डर घेणारे होम शेफ, यातले काही लोक स्वतः चुन्यात मका भिजवून टॉर्टिया करतात आणि इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकतात, असा माणूस तुमच्या एरियात असेल तर त्याला सोडू नका.

मेन्यूची लांबी बघा. एकाच कार्डवर चायनीज, मुघलाई, पिझ्झा आणि शेवटच्या पानावर टाको असेल तर पुढच्या जागेकडे जा. आणि उलट, जिथे बोंबील फ्राय, कोळंबी, माकूल असं बाकीचं सीफूडपण कार्डवर आहे तिथे रोजचा मासा येतो, म्हणजे टाकोतपण तो पडायचा चान्स आहे. ज्या हॉटेलच्या पूर्ण कार्डवर मासा फक्त टाकोमध्येच आहे तिथे तो फ्रीजरमधूनच येणार, दिवसाला दोन प्लेटसाठी कोण बाजारात जाईल.

फोटोंतून बरंच कळतं

हॉटेलने टाकलेले फोटो सोडून द्या, गिऱ्हाइकांनी काढलेले बघा, आणि नवीन आधी. माशाचे सगळे तुकडे एकाच मापाचे, कडा सरळ, बाहेरून केशरी ब्रेडक्रम्स, असं दिसलं तर तो पाकिटातला तयार फिश फिंगर आहे, हाताने कापलेला मासा असा दिसत नाही, त्याचा एक तुकडा निमुळता, एक जाडा असतो. कव्हरेज बघा, मासा दिसतोय का सगळीकडे सॉसच सॉस. वर किसलेलं चीज वितळलेलं असेल तर मला तरी शंका येते, चांगल्या माशावर कोणी चीज घालत नाही.

रिव्ह्यू वाचताना सर्चमध्ये "फिश" टाका म्हणजे फक्त त्याबद्दलचं समोर येतं. "अ‍ॅम्बियन्स छान, स्टाफ विनम्र" याचा उपयोग शून्य. कोणी माशाचं नाव लिहिलंय का बघा, रावस होता, बासा होता, काटा आला, कच्चा होता, असं. नाव लिहिणारा माणूस मासे खाणारा असतो, त्याच्या तक्रारीला आणि कौतुकाला दोन्हीला वजन द्या.

फोन करा, लाजू नका

ही स्टेप लोक टाळतात आणि हीच सगळ्यात कामाची आहे. "मासा ताजा आहे का" असं कधीच विचारू नका, उत्तर हो च येणार. विचारायचं असं, "आज टाकोमध्ये कुठला मासा आहे?" समोरचा पटकन म्हणाला "आज रावस आहे सर, काल घोळ होता" तर झालं काम, टेबल सांगा. "थांबा, किचनमध्ये विचारतो" म्हणाला तरी चालेल, निदान विचारतोय. "फिश आहे सर, बोनलेस फिश" असं उत्तर आलं की ओळखा बासा. बऱ्याच ठिकाणी स्टाफ हिंदी बोलणारा असतो तर "भैया, टाको में आज कौन सी मच्छी है" एवढं पुरतं.

दुसरा प्रश्न, टॉर्टिया मक्याची का मैद्याची, आणि इथेच बनवता का. तिसरा, मासा तळलेला का ग्रिल्ड. तीन प्रश्न, एक मिनिट, आणि अर्धी यादी इथेच गळते.

माशामाशातला फरक

बासा आधी घेतो कारण तोच सगळीकडे आहे. गोड्या पाण्यातला पाळलेला मासा, मूळ व्हिएतनामच्या मेकाँग बाजूचा, फ्रोजन फिले येतात, काटा नाही, वास नाही, स्वस्त, म्हणून हॉटेलवाल्याला सोयीचा. त्याला चव फारशी नाही आणि नीट कोरडा न करता तळला तर आतून पाणी सोडतो आणि बॅटर आतल्या बाजूने ओलं गिच्च होतं. फ्रोजन म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही, नीट गोठवलेला मासा तीन दिवस बर्फावर पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा कधीही बरा. पण मग मेन्यूवर बासा लिहा आणि तसा भाव लावा.

टाकोसाठी आपल्याकडचा राजा माझ्या मते रावस. मांस घट्ट, तळल्यावर मोठे पापुद्रे सुटतात, थोडी स्वतःची चरबी असल्यामुळे कोरडा पडत नाही. घोळ पण सुंदर, पांढरंशुभ्र जाड मांस, पण महाग, फार कमी ठिकाणी मिळेल, दिसला तर घ्या. जिताडा म्हणजे खजुरी, अलिबाग पेणवाल्यांचा जीव की प्राण, तो पावसाळ्यातपण मिळतो त्यामुळे जून जुलैमध्ये कोणी जिताड्याचा टाको देत असेल तर तो माणूस विचार करून काम करतोय. मुरदुशा, काही जण काणे म्हणतात, गोड आणि नाजूक, त्याचे फिले काढायला मेहनत लागते म्हणून हॉटेलं टाळतात.

सुरमई तळून टाकोत मला फारशी आवडत नाही, बॅटरमध्ये जास्त वेळ राहिली की कोरडी होते, पण ग्रिल्ड किंवा तव्यावरची चांगली लागते. पापलेट टाकोत घालणं म्हणजे पापलेटवर अन्याय, २०२३ मध्ये त्याला राज्य मासा केलंय, त्याला काट्यासकट आख्खा तळून खा. बांगडा तेलकट आणि उग्र, कोबी आणि पांढऱ्या सॉसबरोबर भांडतो. बोंबलाचा टाको हल्ली काही ठिकाणी दिसतो आणि जमला तर अफाट जमतो, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा, पण बोंबलात पाणी खूप, त्याला मधून चिरून वजनाखाली दाबून पाणी काढलं नाही तर दोन मिनिटांत टाको मऊ पडतो. म्हणून बोंबील टाको मागवला तर फोटो नंतर काढा, आधी खा.

पहिल्या भेटीत काय करायचं

एकच प्लेट मागवा आणि दुसरं काही मागवू नका, नाचोज आणि चीज फ्राइजने जीभ जड होते. प्लेट आली की आधी वास घ्या. जुन्या तेलाचा वास लगेच कळतो, बॅटरचा रंगही गडद तपकिरी होतो. मग एक टाको उघडा, माशाचा तुकडा काढून बोटांनी मोडा. चांगला मासा पापुद्र्यांनी सुटतो, मधून वाफ येते, मांस अपारदर्शक आणि ओलसर असतं. रबरासारखं ताणलं गेलं किंवा बोटाला पाणी लागलं तर काय ते समजलं. मधे अजून काचेसारखं अर्धपारदर्शक असेल तर कच्चा आहे, परत पाठवा, बिनधास्त. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर खाऊच नका, आणि पोटाशी खेळ नको म्हणून तिथेच सांगून बिलातून काढायला लावा.

आता मासा सॉस न लावता नुसता खा. मीठ आत लागलंय का? माशाला आधी मीठ लावून ठेवलेलं नसेल तर बॅटर खारट आणि मासा अळणी असं होतं, हे फार कॉमन आहे. मग सॉस वेगळा चाखा. आपल्याकडे मिळणारं बरंचसं एगलेस मेयो गोडूस असतं, काही किचनं तेच थोडी मिरची पूड टाकून "चिपोटले सॉस" (धुरावर सुकवलेल्या मिरचीचा सॉस) म्हणून देतात. खरा सॉस आंबट लागला पाहिजे, क्रीम किंवा दह्याचा आंबटपणा आणि लिंबू. कोबी कच्चा, बारीक आणि कोरडा पाहिजे, दुपारी चिरून ठेवलेला कोबी कडेने काळपट होतो.

लिंबू दिलं नसेल तर मागून घ्या. मेक्सिकोत टाकोबरोबर जे छोटं गोल लिंबू देतात ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं आहे, त्यामुळे इथे इम्पोर्टेड काही लागत नाही, लिंबाच्या बाबतीत मुंबईचा टाको अस्सलच. कोथिंबीर, हिरवी मिरची, कांदा, सगळं मंडईत आहे.

भावाचा हिशोब प्लेटवर करू नका, नगावर करा. ४५० ला ३ आले तर एक १५०, ४०० ला २ आले तर एक २००, आणि त्यात मासा किती होता ते बघा. मासा टाकोच्या लांबीएवढा पाहिजे, शेवटच्या घासाला फक्त कोबी उरत असेल तर प्लेट स्वस्त असूनही महाग पडली.

आवडलं तर वेटरदादाला सांगा की मासा छान होता, नावानिशी सांगा, "रावस मस्त होता". पुढच्या वेळी तोच तुम्हाला आपणहून सांगेल की आज नको सर, आज बासा आहे. मुंबईत अशी ओळख कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त कामाला येते.

डिलिव्हरीबद्दल

तळलेला टाको घरी मागवू नका. डब्यात वाफ कोंडते, बॅटर मऊ, टॉर्टिया ओली, आणि ट्रॅफिकमधून पाऊण तासाने जे येतं त्यावरून त्या किचनला नावं ठेवणं बरोबर नाही. मागवायचाच असेल तर ग्रिल्ड मागवा, किंवा नोटमध्ये लिहा की मासा, टॉर्टिया, कोबी, सॉस सगळं वेगळं द्या, मग टॉर्टिया तव्यावर अर्धा मिनिट आणि मासा एअर फ्रायरमध्ये दोन तीन मिनिटं. ही विनंती मानणारं किचन म्हणजे खाण्याची काळजी असलेलं किचन.

एरियात काहीच बरं नसेल तर

मग कोळणीकडे जा आणि घरी करा, कितीतरी एरियांत हाच सगळ्यात चांगला फिश टाको आहे. सिटीलाइटचा बाजार, पार्ल्याचा बाजार, वेसाव्याचा, तुमच्या स्टेशनबाहेरचा, कुठलाही चालेल. कल्ले लाल, डोळे वर आलेले आणि स्वच्छ, बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला पाहिजे. रावसाचा मधला भाग घ्या आणि टाको वगैरे समजावत बसू नका, "मावशी, काटा काढून फिश फिंगरचे तुकडे करून द्या, बोटभर लांब, जरा जाडसर" एवढं सांगा, कोयत्यावर दोन मिनिटांत होतं.

घरी आणून धुऊन पेपर नॅपकिनने एकदम कोरडे करा, हे महत्त्वाचं, मग मीठ, मिरपूड, लिंबू लावून १५ मिनिटं. मैदा एक वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, चिमूटभर बेकिंग पावडर, मीठ, आणि फ्रीजमधून काढलेला गारेगार सोडा किंवा बियर, धिरड्यापेक्षा किंचित घट्ट होईल इतकं. बॅटर जास्त फेटू नका, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. तेल चांगलं तापलेलं, बॅटरचा थेंब टाकला की लगेच तरंगून वर आला पाहिजे, तुकडे कोरड्या पिठात घोळवून मग बॅटरमध्ये आणि तेलात, तीन ते चार मिनिटं, एका वेळी चार पाचच, जास्त टाकले की तेल गार पडतं. काढून जाळीवर ठेवा, पेपरवर ठेवले तर खालून मऊ होतात.

सॉसला दह्याचा चक्का, थोडं मेयो, किसलेली लसूण, लिंबू, मीठ. टॉर्टियासाठी मोठ्या सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन तयार मक्याच्या मिळतात, नाहीतर उकड काढून केलेली छोटी तांदळाची भाकरी घ्या, ती मऊ असते, दुमडते, आणि माशाबरोबर तिचं जुनं नातं आहे. घावनही चालतं, फक्त ते जास्त जाळीदार नको, सॉस गळतो. अर्धा किलो बिनकाट्याच्या माशात साधारण दहा बारा टाको होतात, चार जणांना पुरतात, पण तळणारा माणूस शेवटी बसतो तर त्याच्यासाठी दोन तीन तुकडे न तळता बाजूला ठेवा आणि तो बसला की ताजे काढा.